बर्फ कोकणात आहेच, बंड्या कुठे आहे?

मुलांसाठीच्या तुमच्या कादंबरीची दोन प्रकरणं आणि पुढचा आराखडा वाचला. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर लगेच कळेल. देवगडजवळच्या एका बंदराच्या गावात राहणारी बारा वर्षांची सायली आणि तिचा नऊ वर्षांचा भाऊ बंड्या. सायली मे महिन्याच्या सुट्टीत मामाबरोबर शिमल्याला जाते, तिथल्या रिंकवर मुलं बर्फावरून सरसर जाताना बघते आणि तिला वेड लागतं. घरी येऊन ती बंड्यालाही पटवते. दोघं जोडीनं फिगर स्केटिंग शिकतात आणि चौदाव्या प्रकरणात राष्ट्रीय सुवर्णपदक मिळवतात. दोन मित्रांनी वाचून सांगितलं, ‘भाषा छान आहे, पण कोकणातली पोरं आणि आइस स्केटिंग, हे काही पटत नाही.’ आता तुम्ही विचारताय की अख्खं कुटुंब उचलून मनालीला न्यावं का.

नेऊ नका. मनालीच्या घरात सकाळी चुलीवर काय चढतं हे तुम्हाला ठाऊक नाही. तुमची आजी सुकट निवडता निवडता मांजराला शिव्या घालते, ते पान तिकडे गेल्यावर मरेल. तुमच्या दोन प्रकरणांतलं सगळ्यात जिवंत पान तेच आहे.

मी रत्नागिरीची. मुलांसाठी लिहायला लागून २२ वर्षं झाली, आणि त्यापेक्षा जास्त वर्षं दुसऱ्यांची हस्तलिखितं वाचतेय. स्केटिंगबद्दल मला जे कळतं ते भाचीमुळे. ती सातवीत असताना चाकांच्या रोलर स्केटिंगवरून बर्फावर गेली आणि तिच्या आईबापांना रजा मिळेना म्हणून दोन हिवाळे मावशीला बरोबर धाडलं. मी स्वतः बर्फावर एकूण चाळीसेक मिनिटं उभी राहिले असेन, त्यातली निम्मी कठड्याला धरून. पण बाकावर बसून बघितलं भरपूर.

आता मूळ दुखणं. वाचकाला काहीतरी पटत नाही हे कळतं, पण नेमकं काय ते दर वेळी सांगता येत नाही. मग तो डोळ्यांत सगळ्यात जास्त भरणाऱ्या गोष्टीकडे बोट दाखवतो. तुमच्या गोष्टीत ती बर्फ. मी तुमच्या दोन प्रकरणांत बंड्याची वाक्यं मोजली. तो अकरा वेळा बोलतो. त्यातली चार वाक्यं ‘हो ताई’ आहेत, पाच प्रश्न आहेत आणि ते केवळ सायलीला उत्तर देता यावं म्हणून विचारलेले आहेत, आणि दोनदा त्याला भूक लागलेली आहे. त्याला स्वतःचं असं काही हवंय, हे मला कुठेच दिसलं नाही. नऊ वर्षांचा पोरगा ताईनं सांगितलं म्हणून हजारो रुपये आणि हजारो मैल लागणाऱ्या खेळात उडी घेतो, हे पटत नाहीये. बर्फ बिचारा उगाच बदनाम.

मीही हेच केलं होतं म्हणून ओळखू आलं. पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित एका शाळेत सहावीच्या वर्गाला वाचून दाखवत होते. मोठी बहीण शर्यत जिंकते तो प्रसंग मी चांगला रंगवून वाचला. टाळ्या झाल्या. मागच्या बाकावरच्या एकानं हात वर केला आणि विचारलं, ‘बाई, तोपर्यंत धाकटा काय करत होता?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या पोराला स्वतःला मोठी बहीण होती, हे नंतर त्याच्या बाईंनी सांगितलं. ते हस्तलिखित मी वर्षभर बाजूला ठेवलं.

भावंडांच्या गोष्टीचे वाचक स्वतः भावंडं असतात. त्यातले निम्मे धाकटे. त्यांना पानापानांत स्वतःला शोधायचं असतं, आणि आपण तिथे केवळ टाळ्या वाजवायला ठेवलेले आहोत हे त्यांना दोन पानांत कळतं.

बर्फाबद्दल मात्र तुम्हाला वाटतंय तितकं घाबरायचं कारण नाही. कोकणातल्या बंदरावरच्या मुलाइतका बर्फ महाराष्ट्रात दुसऱ्या कुणी पाहिलेला नसेल! मिरकरवाड्याला, हर्णैला, देवगडला मासळी उतरते तिथे बर्फाच्या लाद्या येतात, क्रशरमधून भरडून निघतात, होड्यांच्या पोटात भरल्या जातात. पायाखाली कायम पाणी आणि बर्फाचा चुरा. तुमच्या सायलीचा बापूस ‘बंदरावर काम करतो’ एवढंच तुम्ही लिहिलंय. त्याला बर्फाच्या कारखान्यात कामाला लावा. माझ्या मते कादंबरीतला हा सगळ्यात मोठा बदल ठरेल आणि तो तुम्हाला फुकट मिळतोय.

कारण बर्फाचा कारखाना आणि स्केटिंगचा रिंक हे सख्खे भाऊ आहेत. कारखान्यात मिठाच्या पाण्याची मोठी टाकी असते. अमोनियाच्या यंत्रणेनं ते पाणी शून्याच्या बरंच खाली नेतात. मीठ असल्यामुळे ते गोठत नाही. त्यात गोड्या पाण्यानं भरलेले पत्र्याचे डबे सोडतात आणि डब्यांतलं पाणी गोठून लादी तयार होते. रिंकमध्ये हेच उताणं केलेलं असतं. जमिनीत नळ्यांचं जाळं, त्यांतून मिठाचं किंवा ग्लायकॉलचं थंडगार पाणी फिरतं, आणि वर थराथरानं शिंपडलेलं पाणी गोठून इंच-दीड इंचाचा बर्फ होतो. म्हणजे सायली पहिल्यांदा रिंकवर उभी राहील तेव्हा भोवतालचे सगळे लोक हरखून बघत असतील आणि बंड्या विचारेल, ‘हेचा मीठ खंय ठेवतत?’ हा प्रश्न ताईला उत्तर देता यावं म्हणून विचारलेला नाही. हा त्याचा प्रश्न आहे. अशा एका वाक्यानं तो पुस्तकात उभा राहतो.

लादीचं आणखी एक बघून ठेवा. ती कडेनं काचेसारखी आणि मधोमध पांढरी असते, कारण गोठताना पाण्यातली हवा आत आत ढकलली जाते आणि शेवटी मध्यभागी अडकते. रिंकवर दर थोड्या वेळानं एक गाडी फिरते, ती बर्फाचा ओरखडलेला पापुद्रा खरवडून काढते आणि मागे पाणी पसरत जाते. ते पाणी गरम असतं. गरम पाणी खालच्या बर्फाला थोडं वितळवून त्याच्याशी एकजीव होतं आणि त्यात हवा कमी असते, म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत होतो. बर्फ करायला गरम पाणी! दहा वर्षांच्या वाचकाला याहून मोठी मेजवानी नाही. आणि हे ओळखायला बंड्याला पुस्तक लागत नाही, त्यानं पांढऱ्या पोटाच्या लाद्या जन्मापासून पाहिल्यात.

घसरण्याचंही तेच. पावसाळ्यात जांभ्याच्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, शेवाळ धरलं की आपल्याकडची माणसं कशी चालतात? गुडघे किंचित मोडून, वजन पुढे ठेवून, नजर चार पावलं पुढे. आजी सांगतेच, ‘ताठ चालू नको गो, पडशीत.’ भाचीच्या प्रशिक्षकानं पहिल्या तासाला अर्धा वेळ एवढंच शिकवलं, गुडघे मोडा. दिल्लीकडची मुलं ताठ उभी राहून धडाधड पडत होती आणि आमची भाची पाखाडीवरून दूध आणायला निघाल्यासारखी चालत सुटली. दुसरा अर्धा तास पडायचं कसं ते. बाजूला कुल्ल्यावर पडा, हातावर पडू नका, आणि पडल्यावर मुठी मिटा, नाहीतर मागून येणाऱ्याचं ब्लेड बोटांवरून जाईल. हा मुठी मिटण्याचा तपशील मी मुद्दाम सांगतेय. यातून खेळाचा धोका एका वाक्यात कळतो आणि रक्ताचा थेंबही सांडावा लागत नाही.

आता तुमच्या कथानकात दुरुस्त करावंच लागेल असं. शिमल्याचा रिंक १९२० पासून आहे, पण तो मोकळ्या आभाळाखालचा, रात्रीच्या थंडीत पाणी गोठवून केलेला नैसर्गिक बर्फाचा रिंक. तो हिवाळ्यातच चालतो, आणि ढग आले की तेव्हाही सकाळचं सत्र रद्द होतं. मे महिन्यात सायलीला तिथे काँक्रीट दिसेल. एकतर सहल डिसेंबरात न्या, नाहीतर तिला शिमल्याला नेऊच नका. मी दुसरं करीन. हिल स्टेशनवर बर्फ बघून मूल भारावतं ही सुरुवात फार वापरून झालीय. आपल्याकडून बर्फावर पोचलेली जी मुलं मी पाहिली, त्यांची वाट अगदी वेगळी होती. मंगल कार्यालयाच्या किंवा बॅडमिंटनच्या हॉलमध्ये रोलर स्केटिंगचा वर्ग, मग जिल्ह्याच्या स्पर्धा, मग पुण्या-मुंबईच्या कुणा सरांनी ‘ही बर्फावर चालेल’ म्हणणं, मग गुरुग्रामच्या मॉलमधल्या रिंकवर शिबिर, आणि जानेवारीत लेह. देहरादूनचा मोठा रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधला, मधली बरीच वर्षं बंद राहिला आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. तुमची गोष्ट कुठल्या सालात घडते यावर सायली तिथे जाऊ शकते की नाही हे ठरेल, ते आधी नक्की करा.

आणि प्रवास गिळू नका. तुम्ही लिहिलंय, ‘दोन दिवसांनी ती दोघं दिल्लीत होती.’ अहो, मंगला एक्स्प्रेसमध्ये एका बर्थवर दोन भावंडं डोकं-पाय करून एका दिवसाहून जास्त काळ आहेत, बाहेर बोगदे संपून सपाट मुलूख सुरू झालाय, डब्यातला आंबोळ्यांचा डबा रिकामा झालाय. भावंडांची कादंबरी तिथे घडते. रिंकवर त्यांना बोलायला वेळच नसतो.

लेहला नेणार असाल तर लक्षात ठेवा, ते साडेतीन हजार मीटरवर आहे आणि ही मुलं समुद्रसपाटीची. पहिले दोन दिवस जिना चढतानाही धाप लागते, खेळायला लगेच कुणी सोडत नाही. शिवाय हिवाळी खेळ म्हणजे शाळेचा भर हंगाम. स्नेहसंमेलन, शिष्यवृत्तीची परीक्षा, सगळं त्याच दिवसांत. मुख्याध्यापकांची परवानगी हा अख्ख्या प्रकरणाचा ऐवज आहे, आणि तिथे खलनायक लागत नाही.

खेळाचा प्रकार कोणता, यावर मात्र माझं मत ठाम आहे. जोडीचं फिगर स्केटिंग सोडून द्या. भावंडं एकत्र खेळत नाहीत असं नाही. फ्रान्सचे इझाबेल आणि पॉल ड्युशने १९९१ चे आइस डान्सचे जगज्जेते होते, अमेरिकेच्या माया आणि अॅलेक्स शिबुतानी यांनी २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये आइस डान्सचं कांस्य मिळवलं. पण आइस डान्स वेगळा, जोडीच्या फिगर स्केटिंगमध्ये भाऊ बहिणीला डोक्यावर उचलतो. तुमचा बंड्या नऊ वर्षांचा आहे, सायली बारा. त्या वयात ती त्याच्यापेक्षा वीतभर उंच असणार. तो तिला उचलेल म्हणता? तीच त्याला उचलून बाकावर ठेवेल. शिवाय फिगर स्केटच्या पुढच्या टोकाला दाते असतात. रोलरच्या ज्या स्केटला पुढे ब्रेकचं रबर असतं त्यावर शिकलेलं मूल थांबायला पाय पुढे टेकवतं आणि दाते रुतून तोंडावर आपटतं. विनोदी प्रसंग म्हणून वापरा, पण एवढं अंतर तीन प्रकरणांत कापता येत नाही.

रोलरच्या शर्यती खेळलेली मुलं बर्फावर शॉर्ट ट्रॅककडे, म्हणजे छोट्या मार्गावरच्या वेगाच्या शर्यतींकडे, सहज वळतात. १११.१२ मीटरचा अंडाकृती मार्ग, डाव्या हाताला वळत जायचं, वळणावर इतकं झुकायचं की डाव्या हाताची बोटं बर्फाला टेकतात. त्यासाठी हातमोज्यांच्या बोटांवर कडक टोपणं बसवलेली असतात. आणि यात रिले आहे. रिलेमध्ये काठी किंवा बॅटन नसतं. येणारा खेळाडू पुढच्याला मागून दोन्ही हातांनी ढकलतो. ओणवं व्हायचं, मागे बघायचं नाही, आणि ढकललं जाण्याची वाट बघायची. दोन मुली आणि दोन मुलगे अशी २००० मीटरची मिश्र रिले २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकपासून तिथेही आली. घरात दिवसातून दहा वेळा एकमेकांना ढकलणारी दोन भावंडं, आणि हा एकच खेळ जिथे ढकलल्याबद्दल कुणी ओरडत नाही. असं काही हाताशी असताना तुम्ही त्यांना वॉल्ट्झ करायला लावताय.

तरीही, बंड्यानं स्केटिंग करावंच का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला असता. इथे दोन वाटा आहेत आणि निवड तुमची. दोघंही खेळणार असतील तर सरावातली रिले तुमच्या गोष्टीचा कणा होईल. एकटी सायली खेळणार असेल तर बंड्याला दुसरं काहीतरी हवं, जे तिच्याशिवायही त्याचं असेल. मला दुसरी वाट आवडते, आणि तिथे काय ठेवता येईल तेही सांगते: धार.

भाचीच्या पहिल्या हिवाळ्यानंतर तिचे ब्लेड बोथट झाले. तिच्या वडिलांनी बाजारातल्या एका धारवाल्याकडे नेले. कोयते, सुऱ्या, विळ्या त्याच्याकडून चकचकीत होऊन येतात, माणूस कामात पक्का. त्यानं ब्लेडही तशीच पाजवली, एका बाजूनं उतार देऊन, भाजी चिरायला घ्यावी अशी. शॉर्ट ट्रॅकचं ब्लेड तसं नसतं. ते खालून सपाट असतं आणि त्याच्या दोन्ही कडा काटकोनात, सारख्या धारदार लागतात. खेळाडू आतल्या किंवा बाहेरच्या कडेवर तोल टाकतो. एक कड गेली की त्या बाजूला वळताच येत नाही. पोरगी पुढच्या शिबिरात पहिल्याच वळणावर सरळ जाऊन गाद्यांवर आदळली. ते ब्लेड पुन्हा सरळ करता करता निम्मं झिजलं. चूक आमचीच, आम्ही त्या माणसाला ते कशासाठी आहे हेच सांगितलं नव्हतं.

तेव्हा कळलं की हे खेळाडू आपली धार स्वतः लावतात. एका चौकटीत दोन्ही स्केट्स उलटे घट्ट बसवायचे, त्या चौकटीला जिग म्हणतात, आणि दोन्ही ब्लेडवरून एकदम सपाट दगड फिरवायचा. दोन्ही पायांची धार त्यामुळे सारखी येते. मग कडेला जी बारीक किनार उभी राहते ती छोट्या दगडानं हलकेच काढायची. नखावर टेकवून बघायचं, दोन्ही कडा सारख्या खरवडतात का. भाचीला या कामाचा भयंकर कंटाळा. तिच्या धाकट्या भावाला मात्र याचंच वेड लागलं. तो तासभर मान खाली घालून दगड फिरवत बसायचा. त्याला बर्फावर उभंही राहायचं नव्हतं.

तुमच्या बंड्याला हे द्या. त्याचा आजा कोयते पाजवत असेल, त्याला निसण्यावर पाणी किती टाकायचं हे ठाऊक असेल. मग ताई शर्यतीला उभी आहे आणि तिच्या पायाखालची धार त्याची आहे. ती जिंकली तर टाळ्या तिला, घसरली तर ‘धार कुणी लावली होती?’ आता भांडण होईल. खरं भांडण, ज्यात दोघांचंही थोडं बरोबर असतं. तुमच्या आराखड्यात सहाव्या प्रकरणात भांडण लागतं ते चॉकलेटवरून, म्हणून सातव्यात मिटलेलं कुणाला कळतच नाही.

याच्याच जोडीला गंज. खाऱ्या हवेत ब्लेड दोन दिवसांत तांबूस दिसायला लागतं. वापरून झालं की कोरड्या फडक्यानं पुसायचं, कडक प्लॅस्टिकचं आवरण चालण्यापुरतंच, ठेवताना ते काढून कापडी पिशवीत घालायचं, नाहीतर आत ओल कोंडते. आमच्याकडे आजीच्या जुन्या नऊवारीचा एक तुकडा याच कामाला होता. हे सगळं मनालीत घडणार नाही. समुद्रकाठी घडेल.

पैशाबद्दल तुम्ही गप्प आहात. बाबा एका परिच्छेदात स्केट्स आणून देतात. शॉर्ट ट्रॅकच्या बऱ्यापैकी जोडीची किंमत पाच आकड्यांत जाते, आणि बर्फाच्या कारखान्यातल्या माणसाला ती झेपणार कशी हे बारा वर्षांच्या मुलीला नक्की कळतं. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. होड्या वर ओढलेल्या, मासळी नाही, म्हणजे बर्फ नको, म्हणजे ओव्हरटाइम नाही. नेमक्या त्याच दिवसांत पुढच्या हिवाळ्याच्या शिबिराचे पैसे भरायचे असतात. नारळी पौर्णिमा होऊन होड्या पुन्हा बाहेर पडेपर्यंत घरात कुणी स्केट्सचं नाव काढत नाही. मुलांच्या पुस्तकात पैशाचं लिहू नये असं काही संपादक सांगतील. माझा अनुभव वेगळा आहे. मुलांना घरातल्या पैशाचं सगळं कळतं, आपण त्यांच्याशी बोलत नाही एवढंच.

आणि एक गंमत याच हिशोबातली. आपल्याकडे मुलांचे कपडे-चपला वाढत्या अंगाच्या घ्यायची पद्धत. स्केट्स तशा घेतल्या की संपलं. बूट पायाला घट्ट नसेल तर घोटा आत डुलतो आणि ब्लेड ऐकत नाही. म्हणजे आईचा शहाणपणा इथे पहिल्यांदाच चुकीचा ठरतो, आणि एका वर्षात लहान पडणारा बूट विकत घ्यायचा तर मग जुना कुणाला, हा प्रश्न उभा राहतो. धाकट्याला, अर्थात. तो न खेळणारा असला तरी.

शेवटच्या सुवर्णपदकाबद्दल. काढून टाका असं मी म्हणत नाही, पण राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच वर्षी सुवर्ण म्हणजे तुमच्या मित्रांना पुन्हा ‘पटत नाही’ म्हणायची सोय. पुढच्या भागात ऑलिंपिकला न्यायचा बेत तुम्ही लिहिलाय, तोही लगेच जमणार नाही. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेनं २०२२ मध्ये फिगर स्केटिंगच्या सीनियर गटाचं किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्यानं १७ करायचं ठरवलं, ज्युनियर गटालाही तेरा वर्षं पूर्ण लागतात. शॉर्ट ट्रॅकच्या वयोगटांचे नियम वेगळे, ते लिहिण्याआधी बघून घ्या. मला विचाराल तर सायली अंतिम फेरीपर्यंत पोचली, तिथे चौथी आली आणि वळणं मात्र एकही चुकली नाही, इतकं पुरे. वळणं का चुकली नाहीत हे बंड्याला माहीत असेल आणि वाचकाला.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्यांवर मी छातीठोक बोलत नाही. मालवणी किती वापरायची? वाचक कोण धरलाय त्यावर. सिंधुदुर्गातल्या मुलांसाठी असेल तर घरातले सगळे संवाद मालवणीत चालतील. नागपूरच्या पोरालाही वाचता यावं असं असेल तर आजीचं पूर्ण बोलणं, मुलांचं आपसात भांडतानाचं बोलणं मालवणीत ठेवा आणि निवेदन प्रमाण मराठीत. मुलं भांडताना घरच्या बोलीवर येतात, शाळेतल्या बाईंसमोर प्रमाणावर जातात, ही अदलाबदल कानाला खरी लागते. लांबी किती? नऊ ते बारा वयाला वीस हजार शब्दांच्या आसपास मला बरं वाटतं, पण गोष्ट धरून ठेवत असेल तर मुलं तीस हजारही वाचतात. तांत्रिक शब्द किती? ब्लेड, रिंक, जिग, रिले हे तसेच ठेवा. मुलं तेच म्हणतात. तुम्ही एके ठिकाणी ‘हिमसर्पण’ लिहिलंय, ते मात्र कृपा करून खोडा, मला आधी विंचू-सापांचं काहीतरी वाटलं.

आता लगेच सगळं पुन्हा लिहायला बसू नका. माझ्याकडे येणाऱ्यांना मी एकच काम आधी सांगते: जो धाकटा, मुका, मागे उभा आहे त्याच्या तोंडून एक प्रकरण लिहा. ते पुस्तकात जाईलच असं नाही. तुमच्या बाबतीत ते पहाटेचं असू द्या. बंड्या बापसाला डबा द्यायला कारखान्यात गेलाय. डबे टाकीतून वर येतायत, पाण्यात बुडवून लाद्या सुट्या केल्या जातायत, तो एका लादीवर चप्पल काढून उभा राहतो. ताई तेव्हा घरी झोपलेली आहे. तो किती वेळ उभा राहतो, का राहतो आणि कुणाला सांगत नाही, एवढंच लिहा. दोन-तीन पानं पुरतील. ती जमली की सायलीचं पहिलं प्रकरण कुठून सुरू करायचं ते तुमचं तुम्हालाच दिसेल, आणि ते शिमल्यात नसेल.

लिहून झालं की इथेच टाका, मी वाचते. भाचीच्या त्या निम्म्या झिजलेल्या ब्लेडची जोडी माझ्या कपाटात अजून आहे, त्याची कड बोटाला कशी लागते हे विचारायचं असेल तर तेही विचारा.